चौथा बंबर

सित्तनाखालाची चहाची जागा नखला जंक्शनच्या वर्कशॉपसमोर, कडुनिंबाखाली. नवरा गेल्यापासून ती तिथंच बसते. शेगडी, किटली, पुदिन्याची जुडी, आणि भोवती बंबर. बंबर म्हणजे आमच्या सुदानातलं बसकं स्टूल, बाजेसारखं दोरीनं विणलेलं. त्यावर टेकलं की गुडघे हनुवटीशी येतात आणि तोंड आपोआप सुरू होतं. उभं गिऱ्हाईक एक पेला पिऊन निघून जातं. बसलेलं तीन पितं आणि वर देशही चालवतं. खालाचं घर या बसणाऱ्यांवर चालायचं, हे आधी सांगून ठेवतो.

त्या हिवाळ्यात सरकारनं पिठावरची सवलत काढली. पाव महागला, आणि बँकेत आपलेच पैसे आपल्याला मिळेनात. राजधानीत रोज टायर जळत होते. आमच्या गावाला टायर परवडत नव्हते, म्हणून आम्ही नुसतं बोलत होतो. ओशेक फिटर म्हणायचा, सवलत राहिलीच पाहिजे. मी म्हणायचो, काढलीच पाहिजे. खरं तर मला दोन्ही पटायचं. पण ओशेक आधी बोलायचा, मग उरलेली बाजू मला घ्यावी लागायची. मी रेल्वेत सांधेवाला होतो. एक गाडी इकडे गेली की दुसरी तिकडे घालायची, ही सवयच.

एके दिवशी फौजदार हमदनल्ला हुकूम घेऊन आला. तरणा पोर, टोपी कानावर आलेली. आम्ही तिघं बसलो होतो: मी, ओशेक आणि टपालवाला. पाहुणा उभा आणि आपण बसलेले, हे आमच्यात मेल्यावरसुद्धा चालत नाही. तिघंही उठलो.

"बसा, साहेब."

"मी बसायला आलेलो नाही."

"बसायला म्हणून इथं कोणीच येत नाही," ओशेक म्हणाला. "टेका."

तो टेकला, मग आम्हीही परत टेकलो. खालानं पेला हातात दिला. मग त्यानं बसूनच हुकूम वाचला: चहाच्या ठिकाणी तिघांहून अधिक माणसांनी बसून अर्थविषयक बोलणं हा बेकायदा जमाव समजला जाईल. वाचून झाल्यावर पेल्यात बघत म्हणाला, "पगार तर आमचाही अडकलाय."

ओशेकनं बोटं मोजली. "साहेब, आपण चार झालो."

"तर?"

"पगार अर्थविषयक आहे ना, हाजी?" ओशेकनं मला विचारलं.

"पगारच नसेल तर कसा असेल?" मी उरलेली बाजू घेतली.

हमदनल्ला उठून उभा राहिला. घामाघूम. हुकूम आज निघाला आणि पहिला आरोपी तोच. बराच वेळ विचार करून त्यानं खाली बोट दाखवलं. "गुन्हा माणसामुळे झालेला नाही. चौथ्या बंबरामुळे झालेला आहे."

आता चौथा कोणता? उठण्याबसण्यात सगळे हलले होते, आणि सगळे दिसायला सारखे. तेव्हा ओळख पटेपर्यंत त्यानं सगळेच बंबर गाडीत टाकून नेले.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं उभी. एक पेला, की निघाले. उभ्यानं देश चालत नाही. किटली दुपारपर्यंत पहिल्याच पाण्यावर. "असंच राहिलं तर शेगडी विकून मुलीकडे जाऊन पडावं लागेल," खाला म्हणाली, आणि तिच्या जावयाला आम्ही सगळे ओळखतो. ओशेक नि मी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यावर गेलो.

अंगणात पोलीस गोल करून बंबरांवर बसलेले, आणि एक जमादार पिठाच्या सवलतीवर बोलत होता.

"बाळा, हे माझे बंबर," खाला हमदनल्लाला म्हणाली.

"मुद्देमाल आहे, खाला."

"मुद्देमालावर बसतात?"

"सांभाळतायत."

"चौथा सापडला का?"

"तपास चालू आहे."

"मग तपास होईपर्यंत माझं सामान माझ्या डोळ्यांसमोर राहू दे." तिनं तिथंच शेगडी मांडली.

मग काय, चहासाठी ठाण्यावर जाणं आलं, आणि ठाण्यावर जायला तक्रार लागते. ओशेकनं बायको ऐकत नाही म्हणून तक्रार दिली. मी माझं गाढव हरवल्याचं लिहून दिलं. मला गाढव कधीच नव्हतं. पण पोलिसांनी ते शोधून काढलं, माझी सही घेतली आणि माझ्या हवाली केलं. पहिल्याच संध्याकाळी ते मला चावलं.

असं चाललं असताना प्रांताचा मोठा साहेब जीपमधून उतरला. अंगणात पोलीस, तक्रारदार, एक हातकडीतला चोर, सगळे गोल बसून डॉलरच्या भावावर भांडत होते. त्याला बघून सगळे उठले. "बसा, साहेब." साहेब बसेना. तो बसेना म्हणून कोणीच बसेना. चहा निवायला लागला.

"काय आहे हे?"

"तपास, साहेब," हमदनल्ला म्हणाला. "चौथा कोणता, ते बसून बघितल्याशिवाय कळत नाही."

खाला पेला घेऊन पुढे झाली. "टेकावं, बाबा. गुडघे दुखत असतील."

गुडघे खरंच दुखत होते. साहेब टेकला, एक पेला प्याला, दुसरा मागितला, आणि म्हणाला की सवलत काढली हे उत्तम झालं, लोकांना फुकटाची सवय लागली होती. मी मान हलवली, कारण ती माझी बाजू. ओशेक तोंड उघडणार, एवढ्यात साहेबाचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आपल्या घरचा पाव मीच आणतो. पहाटेपासून रांगेत मी असतो. आपण कुठं असता?"

चोर म्हणाला, "बरोबर बोलला."

साहेब उठला. कान लाल. "हे सगळं आत्ताच्या आत्ता ठाण्याबाहेर काढा."

"पण चौथा, साहेब?"

साहेब स्वतः बसला होता त्याच बंबराला त्यानं लाथ घातली. "हा. याला कोठडीत टाका."

पोलिसांनी बाकीचे बंबर डोक्यावर घेऊन बाजारातून मिरवत आणले आणि कडुनिंबाखाली मांडले. खाला कमरेवर हात ठेवून बघत होती.

"एक कमी आहे."

"तो गुन्हेगार ठरला, खाला," हमदनल्ला म्हणाला.

"ठरू दे. त्याच्यावर बसणारा कुठं बसेल? बदली दे."

पोरगं परत गेलं आणि स्वतःच्या टेबलामागची हातांची उंच खुर्ची घेऊन आलं. ती अजून आमच्यात आहे. तिच्यावर बसलं की गुडघे हनुवटीशी येत नाहीत, पेला ठेवायला वाकावं लागतं, आणि बोललेलं सगळ्यांच्या डोक्यावरून जातं. फार बोलणाऱ्याला खाला तिथं बसवते. काल मला बसवलं.