नेमूअण्णांचा एकच शब्द

दुपारी जेवता जेवताच मालनचे डोळे जड होतात. ही झोप साधी नव्हे. भिजलेलं पोतं अंगावर टाकावं तशी ती येऊन पडते. अर्धांगाचा झटका येऊन गेला तेव्हापासून हे असंच आहे. शेवटचा घास डाव्या गालात अडकून राहतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. दिगंबर, तिचा नवरा, बोट घालून तो घास काढतो, तोंड पुसतो, तिला कुशीवर वळवतो, डाव्या हाताखाली उशी सरकवतो आणि जिना उतरून बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसतो. एकेकाळी त्या दुकानात गादीवर मालन बसायची. सांगलीतल्या कितीतरी नवरी मुलींचे चुडे तिने भरले. नवरीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन असा काही मऊ दाबायची की बांगडी कधी चढली ते पोरीला कळायचंही नाही.

खालून काचेची किणकिण वर येते. पंखा फिरतो. किणकिण बारीक होत जाते, लांब जाते, आणि तिच्याही पलीकडून कुणीतरी बोलतं.

"झोपलासा काय वो, ताई?"

मालन डोळे उघडत नाही, पण तिला दिसतं. नेमगोंडा पाटील उभे आहेत. नेमूअण्णा. माणूस ती ओळखते, आवाज ओळखत नाही. ओळखणार कशी? वर्षभर शेजारी बसूनसुद्धा तिने या माणसाच्या तोंडून एकच शब्द ऐकला होता.

नेमूअण्णा मार्केट यार्डात हळदीचे सौदे काढायचे. त्यांची आरोळी म्हणे पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. रक्तदाब होता, त्यावर गोळीही होती, पण सौद्यांच्या दिवसांत गोळीची आठवण कुणाला? तंबाखूची चिमूट मात्र चुकायची नाही. एका सकाळी बोली चढत असतानाच त्यांचं वाक्य मध्ये तुटलं आणि ते हळदीच्या राशीवर आडवे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जन्मभराच्या बोलण्यातून एक शब्द तेवढा उरला, "चालेल." चहा हवा का? चालेल. पाय दुखतोय का? चालेल. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता यापुढं फारशी सुधारणा धरू नका, तेव्हाही डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून "चालेल."

मालनचं गेलं ते डावं अंग. गोळी तिनेही सोडली होती. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग कशाला रोज पोटात विष घालायचं, असं तिचं म्हणणं. दोघांची गाठ पडली ती व्यायामाच्या दवाखान्यात. तिचा उजवा हात आणि त्यांचा डावा मिळून दोघांत हातांची एक जोडी व्हायची. त्यांनी गोळ्यांचं पाकीट धरायचं, तिने फोडायचं. केळं असंच सोलायचं. जे घरच्यांपुढं बोलायची चोरी होती ते ती त्यांच्यापाशी बोलायची. "अण्णा, वाटतं, एखाद्या सकाळी उठूच नये." त्यावर अण्णा तिच्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "चालेल." आणि नेमकं तेच तिला हवं असायचं. बाकी सगळे धीर द्यायचे.

झटक्याने तिचं हसू आणि रडूही उलटंपालटं करून ठेवलं होतं. काळजात कळ उठावी आणि पोटातून हसू उसळावं, दाबू म्हटलं तरी दबू नये. मेंदूतच काहीतरी सैल झालंय, डॉक्टर म्हणाले. गेल्या महिन्यात नेमूअण्णांना दुसरा झटका आला आणि ते गेले, तेव्हा मालन काठी टेकत त्यांच्या दारात पोचली. अंगणात त्यांना ठेवलं होतं. ती जवळ गेली, त्यांचा मिटलेला चेहरा पाहिला, आणि हसली. मोठ्याने, खांदे गदगदवत, माणसं वळून बघेपर्यंत आणि बघून झाल्यावरही. "आजार आहे हो हा, आजार आहे," दिगंबर ज्याला त्याला सांगत राहिला. अण्णांची बायको नुसती बघत राहिली. मुलगा म्हणाला, "काका, ह्यांना घेऊन जावा हितनं."

तेव्हापासून मालन व्यायामाला गेलेली नाही. डाव्या हाताची बोटं मुठीत वळत चालली आहेत. वळू देत, असं तिने ठरवलंय.

आणि आता तेच अण्णा समोर उभे आहेत. हातात काठी नाही, उजवा खांदा लोंबत नाही.

"अण्णा, तुम्ही बोलतासा?"

"बोलायलोय की. का, बोलू नये?"

ती व्यायामाच्या खोलीत आहे. धरून चालायच्या दोन दांड्या, भिंतभर आरसा. आरशात ती एकटीच दिसते. अण्णा दांड्यांच्या मधून ताठ चालत येतात, कशालाही न धरता, आणि दांड्या संपत नाहीत. त्या पुढं पुढं जात राहतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना हळदीच्या राशी लागतात, वर पत्र्याचं छत येतं, हवेत पिवळी धूळ. राशींभोवती माणसं दाटली आहेत. सगळ्यांची तोंडं एका बाजूला ओघळलेली आहेत, आणि त्यातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

"अण्णा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की. एवढी रास उरकू द्या."

ते वळतात आणि बोलायला लागतात. काय ते बोलणं! धबधबा फुटावा तसे शब्द. याला हाक, त्याला टोमणा, कुणाच्या पोरीच्या लग्नाची चौकशी, कुणाच्या मालाला नाव ठेवणं, मध्येच बोली, मध्येच शिवी. मालन उभी राहते. राशीतली हळकुंडं वळलेल्या बोटांसारखी दिसतात, म्हणून ती तिकडे बघत नाही. तिला आनंद व्हायला हवा. माणसाची वाचा परत आलीय. पण होत नाही. एवढे शब्द असलेल्या माणसाला ती कशाला लागेल?

"अण्णा," ती शेवटी त्यांच्या बाहीला धरते. "मी हसले. तुमच्या दारात. माणसं रडत होती आणि मी हसले."

"कवा?"

"तुम्ही गेलासा त्या दिवशी."

अण्णा आठवून बघतात. अगदी मनापासून, कपाळाला आठी घालून.

"मला न्हाई ऐकू आलं, ताई," ते म्हणतात. "मेलो होतो न्हवं."

त्यात राग नाही, दयाही नाही. भाव विचारावा आणि कुणी भाव सांगावा तसं ते सांगतात. मालन त्यांची बाही सोडते. महिनाभर तिने या एका गोष्टीची वाट पाहिली. आज ना उद्या कुठंतरी तो माणूस भेटेल आणि म्हणेल, रागवलो, किंवा म्हणेल, असू दे.

"मग मला माफ कुणी करायचं?"

"ते जित्या माणसांचं काम. मला कुठलं जमतंय आता?"

पत्र्याचं छत कधी गेलं ते तिला कळत नाही. ती कृष्णेच्या घाटावर बसलीय, अण्णा दोन पायऱ्या खाली. उन्हात नदी पांढरी दिसते. घाटावर कुणीच नाही, फक्त दवाखान्यातल्या खुर्च्या ओळीने मांडून ठेवल्या आहेत.

"एक विचारू?" ती म्हणते. "शेवटी भेटलो तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. सोडेचनात. चालेल, चालेल, चालेल, असं किती वेळा म्हणालासा. मी म्हटलं, बरं अण्णा, उद्या भेटू. काय म्हणत होता तुम्ही?"

अण्णा नदीकडे बघतात.

"डोकं ठणकतंय, म्हणत होतो."

मालन एक पायरी खाली सरकते.

"डोळ्यापुढं अंधारी आलीया, म्हणत होतो. त्या व्यायामाच्या बाईस्नी हाक मारा, म्हणत होतो. मला घरी लावून देऊ नका, मोठ्या दवाखान्यात न्या. सगळं नीट म्हणत होतो ताई, एक शब्द चुकवला न्हाई. पर तोंडातनं तेवढंच भाईर पडायचं."

"आणि आम्ही..."

"सगळी म्हणाली, अण्णा आज खुशीत हायत."

ते हे तक्रारीने सांगत नाहीत. मालनला वाटतं, आता आपल्याला हसू येईल. येत नाही. रडूही येत नाही. इथं तिचं तोंड तिच्याच ताब्यात आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

"मला घेऊन चला," ती म्हणते.

"न्यायला आलो न्हाई मी."

"मग कशाला आलासा?"

"बोलायला. लई साठलं होतं. घरात बोलाय गेलो की ज्यो त्यो चमचा तोंडाशी आणायचा. ऐकायला तुमच्याबिगर कोण होतं?"

ते उठतात आणि पायऱ्या उतरायला लागतात, बोलत बोलतच. बालपणीच्या बैलाचं नाव सांगतात. बायकोला कधीच न सांगितलेलं काहीतरी सांगतात. ती उठून मागोमाग जाते. त्यांचे शब्द तिला अर्धेच ऐकू येतात, उरलेले पाण्याचा आवाज होतात. पहिली पायरी बुडते, दुसरी बुडते. पाणी घोट्याला लागतं, गुडघ्याला, मांडीला. ऊन ऊन पाणी. आणि मालन थबकते. ते डाव्या पायाला लागतंय. झटक्यानंतर या पायाला चटका कळला नाही, ठेच कळली नाही. आता त्याला पाणी कळतंय, त्याची ऊब कळतेय, बोटांच्या बेचक्यांतून सरकणारी वाळूसुद्धा कळतेय.

"अण्णा, पाय!" ती ओरडते. "अण्णा, मला पाय कळतोय!"

नेमूअण्णा वळत नाहीत. ते नदीच्या मध्यावर गेलेत आणि समोर कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलताहेत.

पंखा फिरतोय. छतावर ओळखीचा डाग. दिगंबर चहाचा कप घेऊन दारात उभा आहे. तो तिच्या तोंडाकडे बघत नाही, पलंगाकडे बघतोय. मग तो कप खिडकीत ठेवतो.

मालन उजवा हात खाली नेते. चादर ओली आहे. पातळ ओलं, परकर ओला, गादीपर्यंत ओल गेलीय. वास येतो तेव्हा तिला सगळं उमजतं.

"पाणी सांडलं असंल," दिगंबर म्हणतो. पलंगाजवळ तांब्याच नाही.

"असं कधी झालं नव्हतं," ती म्हणते. झटका आला तेव्हा झालं होतं, पण ते दवाखान्यात. घरात नाही. एवढं एक अजून तिच्या हाती राहिलं होतं.

"असू दे. उठू नगंस."

तो कपाटातून कोरडं पातळ काढतो. बादली आणायला जाताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबतो. त्याचंही वय झालंय. खालून कुणीतरी पोरगी हाक मारते, "मामा, हिरव्या बांगड्या दाखवा की!"

"आलो," तो ओरडतो, पण जात नाही. बादली टेकवून, खाली वाकून तो चादरीचं टोक सोडवायला लागतो.

मालन पडून राहते. ओल आता गार पडू लागलीय. उजव्या मांडीला तो गारठा लागतो, चांगलाच लागतो. ती डोळे मिटते आणि सगळं लक्ष डाव्या पायाकडे नेते. थांबते. पुन्हा नेते.

तिथं काहीच नाही.