नानांच्या मशीनला टीव्ही जोडताना

सिल्वासाजवळच्या सायली गावात एका धागा कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. माणसाच्या उंचीची पॅनेलं उघडून आत डोकं घालायचं, हा माझा रोजचा धंदा. असा माणूस लागोपाठ दोन सुट्ट्या घरच्या टीव्हीपुढे ओणवा बसला आणि त्याला साधा आवाज काढता आला नाही, हे मी आज कबूल करतो. तेव्हा करत नव्हतो.

हे सगळं वडिलांसाठी चाललं होतं. आई गेल्यावर नानांना मी जळगावकडच्या आमच्या गावाहून सिल्वासाला आणलं. गावात लग्नांना लाउडस्पीकर लावायचा त्यांचा धंदा होता. धंदा मोडला तेव्हा भोंगे विकले, पण स्वतःसाठी घेतलेला स्टिरिओ रिसीव्हर आणि लाकडी खोक्यातले दोन स्पीकर काही सोडले नाहीत. कपड्यांची एक पिशवी आणि हे धूड घेऊन ते टेम्पोतून आले. रिसीव्हरला ते मशीन म्हणतात. आमच्या दोन खोल्यांत ते मशीन शोकेसच्या निम्म्या जागेवर मुक्काम करून होतं आणि काही करत नव्हतं.

आमचा टीव्ही भिंतीला चिकटवलेला, पापडासारखा. त्याचा आवाज मागून निघतो आणि भिंतीलाच सांगत बसतो. नाना म्हणायचे, "पिचका आवाज आहे याचा." टीव्हीवरच्या विनोदाला आम्ही हसलो की तेही हसायचे, फक्त जरा उशिरा. ते बायकोच्या लक्षात आलं.

"कानाच्या डॉक्टरला दाखवू या," ती म्हणाली.

"ज्याने जन्मभर गावाला आवाज ऐकवला, त्याला ऐकू येत नाही म्हणून कोण सांगणार? तू सांगतेस?"

"वडील तुमचे आहेत," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली.

मी सांगितलं नाही. उलट, नानांशी कोणी मोठ्याने बोलायचं नाही असा घरात नियमच केला, त्यांना संशय यायला नको म्हणून. मग एका संध्याकाळी नानांनीच जाहीर केलं, "पुढचा रविवार झाला की मी गावाले जातो. इथे नुसती हालती तोंडं पाहत कुठवर बसू?" गावचं घर रिकामं, हमरस्त्याला लागून. तिथे हे एकटे, आणि मागून येणारा ट्रक यांना ऐकू येणार नाही. मला दुसऱ्या दिवशी कामावरही तेच दिसत होतं. टीव्हीचा आवाज मशीनमधून काढून दिला तर ते राहतील, एवढंच मी डोक्यात धरलं.

काम दहा मिनिटांचं वाटलं. मशीनच्या पाठीला लाल-पांढरी भोकं आहेत, टीव्हीच्या पाठीलाही असतीलच. नव्हती. टीव्हीच्या मागे आरसा धरून बघितलं, मग तो भिंतीवरून उतरवून मोबाइलच्या उजेडात बघितलं. इंटरनेटवरच्या मालिका दाखवणारी बोटाएवढी कांडी एका भोकात, केबलवाल्याचा डबा दुसऱ्यात, आणि एक चौकोनी झाकण असलेलं भलतंच भोक. बाजारातला दुकानदार माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "साहेब, नवा टीवीमां लाल-सफेद पिन आवतीज नथी." नव्या टीव्हीला ती लाल-पांढरी भोकं नसतातच म्हणे. मग त्याने काडेपेटीएवढी एक डबी आणि एक काळी वायर दिली. या वायरीतून वीज जात नाही, उजेड जातो. डबी त्या उजेडाचा आवाज करून मशीनला देते. मी ऐटीत घरी आलो.

जोडलं. आवाज नाही. वर मी बाहेरचा स्पीकर निवडला तसा टीव्हीने स्वतःचाही आवाज बंद केला. म्हणजे आधी पिचका का होईना होता, आता तोही गेला. कांडीचा रिमोट वेगळा, टीव्हीचा वेगळा, मशीनचा हरवलेला. आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरलो तर टीव्हीची भाषाच तमिळ झाली. ती परत आणण्यात पाऊण तास गेला. पहिल्या सुट्टीचं जेवण मी उभ्यानेच जेवलो. बायको म्हणाली, "कारखाना चालतो तरी कसा तुमच्यावर?"

दुसरी सुट्टी म्हणजे तोच रविवार. नानांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. ते खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते.

"तू कधीचा काय करी राहिला रे? वायर तपास."

मी वळून म्हणालो, "नाना, ही तुमच्या मंडपातली वायर नाही. हिच्यातून उजेड जातो."

"मग उजेड तपास."

मी भिंतीकडे तोंड करून दात-ओठ खात म्हणालो, "जरा गप्प बसा ना." त्यांना ते ऐकू गेलं नाही. "काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्या क्षणी मला माझी भयंकर लाज वाटली.

नाना उठले आणि गुडघ्यांवर हात देत माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांची एक पद्धत आहे. लग्नात ऐनवेळी आवाज गेला की ते धावपळ करत नसत. माइकपासून सुरुवात करून एकेका वस्तूवर बोट ठेवत जायचं, बरोबर असेल ती सोडायची, उरेल ती खराब. त्यांनी टीव्हीवर बोट ठेवलं, मग त्या वायरीवर. मी वर मारलेली चिकटपट्टी सोलून त्यांनी वायर उपसली आणि तिचं टोक डोळ्याजवळ नेलं.

"हिच्या तोंडाले हे काय लावेल आहे?"

टोकाला नखाएवढी पारदर्शक टोपी होती. दुसऱ्या टोकालाही. आमच्या कारखान्यात धाग्याचा भुगा सतत उडतो आणि दिसेल त्या भोकात जाऊन बसतो. म्हणून जोडायच्या क्षणापर्यंत वायरीवरची टोपी काढायची नाही, हा माझा कायदा. नरोलीहून येणाऱ्या एका फिटरला मी त्यावरून सगळ्यांदेखत झापलं आहे. घरी त्याच सवयीने मी वायर टोपीसकट खुपसली होती, आणि ती आत बसेना म्हणून वरून चिकटपट्टी मारली होती.

टोप्या काढल्या. वायर खटकन बसली, आणि मालिकेतल्या सासूचा खणखणीत आवाज घरभर झाला. बायको हातात पोळपाट घेऊन बाहेर आली. "नाना, आला!" मी म्हणालो.

नाना माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी स्पीकरच्या कापडावर तळहात टेकला. लग्नात बँडच्या गोंगाटात स्पीकर चालू आहे का, हे ते असंच बघायचे. "चालू आहे," ते म्हणाले. त्यांनी मशीनचं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. शोकेसची काच थरथरू लागली, बायकोने कानांवर हात ठेवले, खालच्या मजल्यावरून कोणीतरी हाक मारली. नानांचा हात स्पीकरवर तसाच होता.

मग त्यांनी आवाज अगदी लहान केला आणि पुन्हा बोट ठेवायला सुरुवात केली.

"टीव्ही बरोबर. वायर बरोबर. मशीन बरोबर. स्पीकर बरोबर." ते थांबले. मी उगाच पक्कड पेटीत ठेवून पुन्हा बाहेर काढली. "आता राहिलं काय, सांग."

त्यांनी ते बोट उचलून स्वतःच्या कानावर ठेवलं.

"उद्या अर्धी सुट्टी टाक," ते म्हणाले. "मले दाखवून आण."

"टाकतो," मी म्हणालो. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी त्यांच्या कानाजवळ गेलो आणि त्या घरात पहिल्यांदाच त्यांच्याशी मोठ्याने बोललो, "टाकतो, नाना."