तीनदुकानी आणि डॉलर

पहिल्या दुकानात तिनं आयुष्यात कधी काही घेतलं नाही. मीठसुद्धा नाही. बारामतीच्या बाजारात शिरली की पहिल्या दुकानात भाव विचारायचा, दुसऱ्यात विचारायचा, तिसऱ्यात विचारायचा, आणि मग जिथं परवडतंय तिथं माघारी यायचं. पिशवी धरून मी मागं. दुकानदारांनी तिचं नाव 'तीनदुकानी' पाडलं. ते नाव एसटीत बसून आमच्या वडगाव निंबाळकरला आलं आणि गावानंही उचललं. तिला राग यायचा नाही. "चौथ्या दुकानात जात न्हाय, ह्ये उपकार माना म्हणावं," म्हणायची. ती माझी बायको. तिचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, आता कागदावर तरी कशाला घेऊ? तीनदुकानीच म्हणतो.

तिचं माहेर इंदापूरकडं, बावड्याच्या बाजूला. बापाची दीडेकशे मेंढरं होती आणि मुलगा नव्हता, म्हणून बाजाराला बापाबरोबर हीच जायची. मेंढरांचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून भाव सांगतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. बायकांचं हे काम नव्हे, पण ही बापाच्या मांडीला मांडी लावून शिकली. लग्न होऊन माझ्याकडं आली तर इथं ऊस आणि चार गाया, मेंढरू एक नाही. मग ती बोटं तिनं माझ्यावर चालवली. पाहुण्यांत मी जास्त बोलायला लागलो की पदराखालून माझा हात धरायची. एक बोट दाबलं म्हणजे पुरे करा. दोन दाबली म्हणजे उठा. दोन बोटं मी पुष्कळ वेळा खाल्ली आहेत.

तिचं एक बोलणं कायम असायचं, "हातात काय पडतं ते बोला." कारखान्यानं उसाचा भाव जाहीर केला की मी चौकातून खुशीत घरी यायचो. ती चुलीपुढून मान वर न करता विचारायची, "जाहीर झाला त्यो ऱ्हाऊ द्या. कापून-बिपून हातात काय पडतं?" पोरीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या बापानं पगाराचा आकडा सांगितला. बैठकीत सगळे माना डोलवत होते. ही आतल्या दारातून म्हणाली, "पगार कळला. घरी किती येतो?" मुलाचा बाप हसला आणि खरा आकडा सांगितला. त्याच घरात पोरगी दिली. सुखात आहे. पण लांब आहे, दिवाळीला येते.

आमच्याकडं टीव्ही आला तेव्हा तिचं त्यात मन नव्हतं. एक दिवस दुपारी परदेशातला काही कार्यक्रम लागला होता. हिरव्यागार डोंगरावर मेंढरंच मेंढरं, आणि एक गडी यंत्रानं त्यांची लोकर काढत होता. ही हातातली भाकरी तशीच धरून उभी. तव्यावरची करपली. "अवो, हजारभर असतील. राखायला माणूस एकच दिसतोय. येकटा कसा फिरवत आसंल?" मला काय ठाऊक! पण त्या दिवसापासून तिनं तो देश डोक्यात घेतला. न्यूझीलंड. नाव तिनं डेअरीतल्या डॉक्टरांकडून पाठ करून घेतलं. हे आमचे गुरांचे डॉक्टर, माणूस भला.

सत्त्याण्णव साली आमच्या डेअरीच्या सभासदांची सहल त्याच देशाला ठरली. गोठे बघायचे, दोन-चार ठिकाणं फिरायची. खर्च ज्याचा त्यानं करायचा. रस्त्यात आमची थोडी जमीन गेली होती, तिचे पैसे नुकतेच आले होते. मी म्हणालो, विहीर बांधून घेऊ. ती म्हणाली, "हीर हाय तशी चालती. मला मेंढरं बघायची हाईत." सगळ्या जन्मात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणालो. दोघांचे पासपोर्ट काढले. फोटोत ती अशी बघतेय, जणू फोटोवाला जास्त पैसे सांगतोय.

सहलीचे अर्धे पैसे रुपयांत भरायचे होते आणि अर्धे डॉलरमध्ये, ते डॉलर ज्यानं त्यानं आपले आणायचे. डेअरीचे चेअरमन म्हणाले, पुण्याला सगळ्यांचे एकदमच घेऊन टाकू. तीनदुकानी म्हणाली, "आमचं आमी बघू." झालं. डॉलर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण त्याला भाव आहे एवढं कळलं, आणि तेवढं तिला पुरे होतं.

भाद्रपदात आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. पहिली बँक. तिथं फळ्यावर दोन भाव लिहिलेले, एक घेण्याचा, एक देण्याचा. मी गोंधळलो. ती नाही. "ह्यो तर दलाल हाय," म्हणाली, "दोन भावांच्या मधलं त्याचं." दुसरं दुकान कँपात. तिथं कळलं की नोटांना एक भाव आणि तिकडं गेल्यावर मोडायचे प्रवासी चेक असतात त्यांना जरा कमी, म्हणजे चेक घेतले तर आपल्याला स्वस्त. आणि वर कमिशन वेगळं. ही लगेच, "सायेब, भाव ऱ्हाऊ द्या. समदं धरून येका डॉलरला माझं किती जात्यात त्ये बोला." तो गडी आकडे मांडत बसला. मांडून झाल्यावर पहिल्या बँकेपेक्षा हाच महाग निघाला. फळ्यावर स्वस्त होता.

तिसऱ्या दुकानात काउंटरवर एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी छत्तीस रुपये वीस पैसे सांगितले, सगळं धरून. आमच्या मागं आणखी एक गिऱ्हाईक उभं. तीनदुकानीनं पदर सोडला, काउंटरवर पसरला आणि त्याखाली हात घालून म्हणाली, "बोला."

ते गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले. "बाई, हात का पुढं केलाय?"

मी सांगितलं, "सायेब, मेंढरांच्या बाजारची सवय हाय. हात धरा, बोटं दाबून भाव बोला."

ते हसले, पण माणूस चांगला. त्यांनी खरंच पदराखाली हात घातला. हिनं काय दाबलं ते तिला ठाऊक. ते म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. तोंडानं सांगा ना."

"तोंडानं सांगितला की मागच्याला कळतो," ती म्हणाली.

मग ते पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "तुमचे दोघांचे डॉलर बरेच आहेत. छत्तीसला देतो. बाहेर बोलू नका."

वीस पैसे तुटले. मला वाटलं, जिंकलो. पैसे माझ्या आतल्या खिशात होते, मी हात घातला. तेवढ्यात तिनं माझ्या दुसऱ्या हाताचं एक बोट दाबलं.

"येतो पुन्यांदा," ती त्यांना म्हणाली.

"अहो, हा भाव उद्या राहील असं नाही."

"समदे दुकानदार असंच म्हंत्यात," म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

एसटीत मी बोललो, "येण्याजाण्याचं भाडं गेलं आणि घेतलं काय? वारा."

ती म्हणाली, "सहल माघाच्या म्हयन्यात. आत्ता समदे घेत्यात म्हणून भाव चढा हाय. बाजार उठायच्या टायमाला जाऊ. दिवस कलला की भाजीवाली पाटीच्या पाटी निम्म्यात देती."

पन्नास वर्षं तिनं बाजार बघितला होता, आणि एकदाही तो हिशेब चुकला नव्हता. कोथिंबीर सुकते, मेंढरू परत चालवत न्यावं लागतं, म्हणून विकणारा खाली येतो. डॉलर सुकत नाही हे तिला कोण सांगणार? मलाही ठाऊक नव्हतं. चेअरमननी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी दिवाळीच्या आत घेऊन टाकले. आम्ही थांबलो. दर गुरुवारी बारामतीत एसटी स्टँडवर मी पेपरात भाव बघायचो आणि तिला सांगायचो. सदतीस. ती म्हणायची, उतरंल. अडतीस. उतरंल. पौषात चाळीसच्या घरात गेला तेव्हा तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि पुढं चालायला लागली.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. नको नको ते बोललो. हिनं माझं वाटोळं केलं, लोक हसतील, तीनदुकानी ती तीनदुकानीच, असलं सगळं. सहलीचे रुपयांतले निम्मे पैसे भरलेले होते. आता दोघांच्या डॉलरला दहा-बारा हजार कमी पडत होते. ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "चुकलं माझं."

मी म्हणालो, "मग मी एकटा जातो."

ती माझ्याकडं बघत राहिली. मीठ घेताना घासाघीस करणारी बाई, मला वाटलं आता बोलेल, काहीतरी मधला मार्ग काढेल. ती वाट बघत होती आणि मी पण वाट बघत होतो. मग ती म्हणाली, "जावा," आणि गाईंना वैरण टाकायला उठली.

मी गेलो. लाज सोडून लिहितो, गेलो. विमानात माझ्या शेजारी डॉक्टर. तिकडं सगळं टीव्हीत होतं तसंच. हिरवे डोंगर, वर ढग, आणि मेंढरं कितीही. बस थांबली, सगळे फोटो काढायला उतरले. मी डावीकडं वळलो, म्हणालो, "अगं, ते बघ." डावीकडं कुणी नव्हतं. एक कुत्रं पळत होतं, मालक लांबून शीळ घालत होता आणि त्या शिळेवर कुत्रं अख्खा कळप वळवत होतं. चेअरमनच्या मंडळी म्हणाल्या, "तात्या, वहिनींना आणायला पायजे हुतं." मी म्हणालो, "डॉलर परवडला न्हाय." सगळ्यांनी मान हलवली. गावात पण हेच पसरलं, की तीनदुकानीच्या थांबण्यानं तिचीच सहल हुकली. लोक हसले. मी हसू दिलं.

नंतरच्या जेवणांत मला चव लागली नाही. खोलीत डॉक्टर वाचत बसायचे, मी खिडकीत. इतकी मोठी दुनिया बघितली, पण सांगायला माणूस घरी.

परत आलो तर अंगणात सडा घातलेला. मला पाणी दिलं, चहा दिला आणि पुढ्यात बसली. राग नाही, रुसवा नाही. "सांगा," म्हणाली. मी मेंढरं सांगितली, लोकर काढायचं यंत्र सांगितलं, कुत्रं सांगितलं.

"कुत्र्याला किती शिळा असत्यात? डावीकडं जायाची येगळी आसंल."

"न्हाय बघितलं."

"कळपाम्होरं कोण चालतं? आमच्यात बोकड असायचा."

"ध्यान न्हाय दिलं."

"तितं डॉलर मोडलं का? किती दुकानं फिरला?"

"एकच. हाटेलातच मोडलं."

तिनं कपाळाला हात लावला आणि हसली. खरं सांगतो, पोटभर हसली. मग म्हणाली, "तुमाला काय बी इचारून उपेग न्हाय. पुढल्या साली मीच जाती आन् मीच इचारती."

पुढल्या साली डॉलर बेचाळिसाच्या वर गेला आणि ती त्याच्याही आधी गेली. पोटाचं दुखणं होतं. अंगावर काढलं तिनं. बारामतीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बोलणं बंद झालं होतं. मी हात धरून बसायचो. वाटायचं, एखादं बोट दाबेल, पुरे म्हणेल, उठा म्हणेल. तिनं काही दाबलं नाही. मीच दाबत राहिलो.

आता घरात मी आणि तीन गाया. तेव्हा चार होत्या. एक त्या पौषात विकली असती तर दहा-बारा हजार सहज आले असते. हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तिला पण ठाऊक होतं, जनावराचा भाव तिला कुणी सांगायची गरज नव्हती. उंबऱ्यावर बसून ती त्याचीच वाट बघत होती, मी गाईचं नाव काढतो का याची. मला तिला अद्दल घडवायची होती. गाय तिच्या मरणानंतर विकली, वैरण घालायला माणूस नाही म्हणून.

परवा आमच्या आळीतलं एक नवं जोडपं आलं. दोघंही मास्तर. सुट्टीत सिंगापूरला जायचं म्हणत होते. तो म्हणाला, "तात्या, डॉलर कुठं घ्यावं, तुमाला म्हाईत आसंल." मी सगळं सांगितलं. तीन ठिकाणी विचारा. फळ्यावरचा भाव बघू नका, समदं धरून किती ते विचारा. थोड्या नोटा, बाकी चेक घ्या. दोघांचं एकदम घ्या, मग जरा तुटतं. विमानतळावर आणि हॉटेलात मोडू नका. भाव हळू आवाजात विचारा. तो वहीत लिहून घेत होता.

"मग आत्ता घेऊ, का थांबू थोडं?" त्यानं विचारलं.

"आजच्याला जा," मी म्हणालो. "पैसे कमी पडले तर मला सांगा."

त्याची बायको चहाचे कप उचलायला वाकली होती. ती म्हणाली, "काकींनी शिकवलं वाटतं समदं. त्यांचं तेवढं डॉलर महाग झाल्यानं राहिलं, न्हाई का?"

इतकी वर्षं ह्याला मी मान हलवत आलो.

"डॉलरचं काय न्हाय, पोरी," मी म्हणालो. "मी तिला नेली न्हाय."