आधी मिटवायचा कंस

मी आज ज्या खुर्चीवर बसून पोट भरतो, त्या खुर्चीपर्यंत मला आणलं ते आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी. आईवडिलांनी वाढवलं, ते आहेच. पण आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि तिकडे आपल्यालाही जाता येतं हे मला सांगणाऱ्या बाई एकट्या होत्या. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

शाळा आमच्या वस्तीपासून चालत पाऊण तासावर. बाई पुण्याच्या बाजूनं एसटीनं यायच्या आणि आमच्याआधी वर्गात असायच्या. आठवीत त्यांनी आम्हाला कंस शिकवले: साधा, महिरपी, चौकटी. फळ्यावर डावीकडे चौकटी कंस उघडला की बाई तशाच चालत फळ्याच्या पार उजव्या टोकाला जायच्या आणि तो मिटवून यायच्या. मग त्याच्या आत महिरपी, तोही आधी दोन्ही बाजूंनी. मग साधा. आकडे सगळ्यात शेवटी.

"उघडला की मिटवा," त्या म्हणायच्या. "आत काय लिहायचं ते मग ठरवा."

शिवाय प्रत्येक कंसाखाली पेन्सिलीनं बारीक आकडा घालायचा. बाहेरच्या कंसाला एक, त्याच्या आतल्याला दोन, त्याच्या आतल्याला तीन. मिटताना तेच आकडे उलटे. अगदी शेवटच्या कंसाखाली एक आला नाही, तर गणिताला हात लावायचा नाही. एकदा माझं उत्तर बरोबर येऊनही बाईंनी भोपळा दिला, कारण खाली आकडे नव्हते. "नशिबानं आलंय," म्हणाल्या. मला फार राग आला होता.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. आमची मेंढरं आणि शेळ्या. शिवाय वडील दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायचे. बाईंनी चहा घेतला, पिशवीतून अकरावीचा फॉर्म काढला आणि वडिलांसमोर धरला.

वडील म्हणाले, "बाई, ह्यो शिकाया गेला तर मेंढरं कोन राखील?"

"मेंढरं तुमची. तुम्ही राखा," बाई म्हणाल्या.

वडील एकदम हसले. "लई तोंडाच्या हायेत बाई," असं आईला म्हणत त्यांनी अंगठ्याला शाई लावून घेतली. तो अंगठा त्या फॉर्मवर उठला नसता, तर पुढचं काहीच लिहायची वेळ आली नसती.

पुढे मी कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी झालो. कॉलेजात प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, मग लॅबमधल्या जुन्या मशीनवर उतरवायचा. प्रोग्रॅममध्ये महिरपी कंस पावलोपावली लागतात. माझी बोटं बाईंच्या हाताखाली तयार झालेली: उघडा कंस, एंटर, मिटता कंस, मग वर जाऊन आतला मजकूर. माझा कंस कधी चुकला नाही. त्या लॅबच्या भिंतीवर एक सूचना डकवली होती, 'सेटिंगला हात लावू नये.' मी तीन वर्षं ती पाळली. बाकीची मुलं पाळत नव्हती हे मला फार उशिरा कळलं.

नोकरी मिळाली हिंजवडीच्या बाजूला, एका लहान कंपनीत. जवळच्याच नेरे गावात तिघांत मिळून एक खोली घेतली. तीन महिने उमेदवारी, काम पटलं तर कायम, असं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी मी नव्या एडिटरसमोर बसलो. एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची वही. पण ही वही स्वतःही लिहिते हे मला माहीत नव्हतं. मी कंस उघडला की ती न सांगता त्याचा जोडीदार टाकायची. एंटर दाबलं की मिटता कंस आपला आपण खालच्या ओळीवर जाऊन बसायचा. माझी बोटं मात्र थांबत नसत. एक कंस तिचा, एक माझा. दहा ओळी लिहिल्या की खाली तीन-चार कंस बेवारशी पडलेले. ते एकेक शोधून पुसायचे, आणि पुसताना हमखास एखादा कामाचा पुसला जायचा.

मला वाटलं, हे असंच असतं. कंपनीचं मशीन आहे, कंपनीनं लावलंय, आपण काय बोलणार? शेजारच्या टेबलावरचा मुलगा पलीकडच्याला म्हणाला, "याच्या कीबोर्डचं बॅकस्पेस पहिलं शहीद होणार." सगळे हसले, मीही हसलो. विचारावं असं मात्र मनात आलं नाही. विचारलं असतं तर, हे साधं माहीत नसलेला माणूस घेतला कसा, असा प्रश्न पडेल ही भीती.

तीन महिने झाले. मॅनेजरनं बोलावून घेतलं. "काम बरोबर असतं तुझं. पण दुपारपर्यंत होणारं काम संध्याकाळपर्यंत जातं. आणखी तीन महिने बघू." त्यानंतरही जमलं नाही तर घरी, हे तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

नेमका त्याच संध्याकाळी बाईंचा फोन.

"काय रे, झालास का कायम?"

मी बसथांब्यावर उभा होतो. तोंडातून निघून गेलं, "हो बाई."

"मला माहीतच होतं. आता एक काम कर. एखाद्या शनिवारी शाळेत ये आणि दहावीच्या पोरांना दोन शब्द सांग. माझं ऐकून कंटाळलीत ती."

"येतो बाई."

आठवडाभरात वडिलांचा फोन. "बाई भेटल्या व्हत्या रस्त्यात. कायम झालास म्हनं. आमाला सांगाया नगं व्हय?"

"सांगणारच होतो," मी म्हणालो. आईनं तोवर आख्ख्या वस्तीत साखर वाटली होती.

त्यानंतरचे चार शनिवार मी चार कारणं सांगून टाळले. बाई दर वेळी "बरं, पुढच्या" एवढंच म्हणायच्या.

आमच्या टीमची लीड माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, नागपूरकडची. मी तिला मॅडम म्हणायचो आणि ती दर वेळी म्हणायची, "मॅडम नको म्हणू रे, म्हातारी झाल्यासारखं वाटते." एका सकाळी ती काही सांगायला माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि बोलायचं सोडून बघतच राहिली.

"थांब. हे काय करून राहिला तू?"

"कंस मिटवतोय."

"पण तो मिटलेलाच आहे ना! मग तू आणखी एक टाकते, आणि मग पुसते. दिवसभर असंच?"

"हो."

"चार महिने झाले रे! सेटिंगमधून बंद का नाही केलं?"

मी खरं ते सांगितलं, की सेटिंगला हात लावायचा नसतो असं मला वाटत होतं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली, सेटिंगचं पान उघडलं आणि माऊस माझ्याकडे सरकवला. "हे तुझं आहे. तुझ्या मशीनवर तुला पाहिजे तसं. ही टिक काढली की कंस आपोआप येणार नाही. ठेवायची का काढायची, तू ठरव."

एका टिकेसाठी माझे इतके महिने गेले होते. मी ती ठेवली. बोटांना नवी सवय लावायला दोन आठवडे लागले, पण मग हात पळायला लागले. शिकण्याच्या भरात एक घोटाळाही केला. फाईल सेव्ह करताच सगळा मजकूर आपोआप नीट मांडून देणारी सोय असते, ती मी हौसेनं चालू केली आणि एका जुन्या फाईलमध्ये एक ओळ दुरुस्त करून सेव्ह केली.

लीडनं हाक मारली. "काय बदललं तू?"

"एक ओळ."

"मला आठशे दिसून राहिल्या."

एडिटरनं माझ्या एका ओळीबरोबर इतरांच्या आठशे ओळींची जागा सरकवली होती, आणि माझी दुरुस्ती त्या ढिगात हरवली होती. या वेळी मी गप्प बसलो नाही. विचारलं, की जुन्या फाईलींसाठी ही सोय कशी बंद ठेवायची. तिनं एका वाक्यात सांगितलं. इतकं सोपं होतं विचारणं.

पुढच्याच आठवड्यात घोटावड्याच्या एका कारखान्यातून फोन आला. खोक्यांवर लेबल छापणारा आमचा प्रोग्रॅम सकाळपासून सुरूच होत नव्हता, आणि माल भरायचा ट्रक दारात उभा. मी लीडला तिच्याच गाडीवर मागे बसवून घेऊन गेलो. गेटवर लॅपटॉप आणि मोबाईल जमा करून घेतले. तिथला नियमच तसा. आतल्या मशीनवर इंटरनेट नाही, आमचा एडिटर नाही, फक्त साधं नोटपॅड.

सुपरवायझर हात चोळत उभे होते. "म्या काय बी केलं न्हाई. काल फकस्त नव्या खोक्याचं माप टाकलं."

मापांची फाईल उघडली. सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत, कंसात कंस, त्यात कंस. लीडनं सवयीनं मजकूर मांडून घ्यायची बटणं दाबली. नोटपॅड ढिम्म. तिनं पुन्हा दाबली, आणि मग स्वतःवरच हसली. "हे तर काहीच करत नाही रे. आता?"

मी सुपरवायझरना म्हणालो, "याची प्रिंट काढून देता? आणि एक पेन्सिल."

चार कागद निघाले. मी टेबलावर ओणवा झालो आणि पहिल्या कंसाखाली एक लिहिला. मग दोन. मग तीन. प्रत्येक खोक्याचं माप तीन नंबरच्या कंसात उघडत होतं आणि तीनवरच मिटत होतं. पहिला कागद संपला, दुसरा संपला. लीड बाजूला उभी राहून बघत होती. सुपरवायझर म्हणाले, "साहेब, ट्रकवाला बोंबलतोय," आणि तिनं त्यांना बोटानंच गप्प केलं. तिसऱ्या कागदावर कालचं नवं खोकं तीनमध्ये उघडलं, आणि त्याच्या पुढचं चारमध्ये. म्हणजे नवं खोकं मिटलंच नव्हतं. खात्रीसाठी शेवटपर्यंत गेलो. शेवटच्या कंसाखाली दोन आला.

फाईलमध्ये त्या जागी एक मिटता कंस टाकला. प्रोग्रॅम सुरू झाला. पहिलं लेबल बाहेर आलं तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "येवढ्यासाठी व्हय?"

लीडनं ते चार कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. गेटकडे चालताना तिनं विचारलं, "हे कुठं शिकला?"

"शाळेत. आठवीत."

"कोणी शिकवलं?"

मी बाईंबद्दल सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. ज्या बाईंचं एवढं कौतुक सांगतोय, त्यांच्याशीच मी खोटं बोलून बसलोय, हे त्या क्षणी मला सहन होईना. कायम झालो की मग जाऊ, म्हणजे खोटं आपोआप खरं होईल, असं मी इतके दिवस धरून बसलो होतो. पण तसं उत्तर बरोबर आलं असतं, तरी बाईंच्या हिशेबी ते नशिबानंच आलेलं.

फोन केला असता तर पुन्हा "हो बाई" निघालं असतं. म्हणून कागद घेतला. मला कायम केल्याचं पत्र नंतर दीड महिन्यानं आलं, आणि ते मी बाईंना दाखवूनही आलो. पण खालचं पत्र त्याआधीचं आहे, काही माहीत नसताना शाळेच्या पत्त्यावर टाकलेलं.

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही फोन केलात त्या दिवशी मला कायम केलं नव्हतं. आणखी तीन महिन्यांची मुदत दिली होती, ती अजून संपलेली नाही. पुढच्या महिन्यात काय ठरेल ते मला माहीत नाही. चारही शनिवारी मला सुट्टी होती.

मी मागे पडलो ते काम येत नव्हतं म्हणून नाही. विचारायची लाज वाटत होती. एडिटर स्वतःच कंस मिटवतो आणि मी तुम्ही शिकवल्यासारखा आणखी एक टाकायचो, एवढंच कारण होतं. मधल्या काळात मनातल्या मनात मी तुमच्यावर रागावलोही होतो, की बाईंनी लावलेली सवयच आड आली. काल घोटावड्याला एका कारखान्यात चार कागदांवर पेन्सिलीनं आकडे घालून एक चूक शोधली. शेवटच्या कंसाखाली दोन आला होता. आमची लीड ते कागद ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरली आणि आता म्हणते, मलाही हे शिकव. तो राग मी परत घेतो.

वडिलांना मी रविवारी घरी जाऊन सांगणार आहे. आईनं साखर वाटली आहे, त्यामुळे ती काय म्हणेल याची जरा धास्ती आहे. तुम्ही रस्त्यात भेटलात तर त्यांना काही बोलू नका, मलाच सांगू द्या.

तुम्हाला चालणार असेल तर येत्या शनिवारी येतो. कायम झालेला माजी विद्यार्थी म्हणून नको. मुलांना माझं विचारायचं राहून गेलं ती गोष्ट सांगेन, आणि मग कंसांचं एक लांब गणित देईन. पेन्सिली मी घेऊन येतो. आकडे न घालता कुणाचं उत्तर बरोबर आलं, तर काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचा विद्यार्थी,
खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरचा