दादाचा दगड आणि माझं कार्ड

माझ्या भावाला आमच्या भागात कोणी नावाने हाक मारत नाही. आधी सगळे 'चष्मेवाले' म्हणायचे. मग चार महिने 'शास्त्रज्ञ' म्हणाले. आता पुन्हा चष्मेवाले म्हणतात, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही असं तो दाखवतो. मी त्याची धाकटी बहीण. चोपन्न वर्षांची झाले, कपड्यांच्या दुरुस्तीचं स्वतःचं दुकान आहे, तरी त्याच्या लेखी मी अजून 'छोटी'च.

त्याचं दुकान वडिलांचं. अरुंद आणि लांबच लांब. पुढे काउंटर, मागे काचा घासायचं चाक, सगळ्यात आत अक्षरांचा तक्ता. चाकावर पाणी ठिबकत असतं, म्हणून दादाची उजवी बाही कायम ओली. आकाशाचं वेड त्याला शाळेपासूनचं. टाकून दिलेल्या काचा आणि पुठ्ठ्याची नळी यांची दुर्बीण करून तो संध्याकाळी गच्चीवर पळायचा. वडील विचारायचे, "कुठे गेला?" मी सांगायचे, "आंघोळीला." एकदा मी त्याला दिवसातून तिसऱ्यांदा आंघोळीला पाठवला, तेव्हा वडिलांनी माझा कान धरून मलाच गच्चीवर नेलं. त्याच्यासाठी खोटं बोलण्यात माझा हातखंडा होता. दादा म्हणायचा, "छोटे, तू इतक्या सरळ चेहऱ्याने थापा मारतेस की मलाच वाटतं, मी आंघोळ करून आलोय."

पुढे तो कॉलेजात विज्ञान शिकायला लागला. दुसऱ्या वर्षी वडिलांचे हात थरथरायला लागले आणि दादा चाकावर बसला. एका शब्दाने कुरकुरला नाही. कुरकुरला असता तर बरं झालं असतं. निदान त्याचं काय गेलं ते कुणाला कळलं तरी असतं.

कामात मात्र महाकटकट्या. मोजल्याशिवाय बोलू नये, हे त्याचं पालुपद. गिऱ्हाईक वर्षात दुसऱ्यांदा नंबर बदलायला आलं की तो तक्त्याकडे वळायचाच नाही. समोर स्टूल ओढून बसायचा, एक डोळा झाकायला लावायचा. "माझ्या नाकाकडे बघा. हाताकडे नाही, नाकाकडे." मग हात बाजूला धरून, "किती बोटं?" नाकाकडे बघताना बाजूची बोटं मोजता आली नाहीत, की चष्मा बंद. चिठ्ठी देऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नंबर सारखा बदलतोय असं वाटतं तेव्हा कधी कधी दोष काचेत नसतो, डोळ्याच्या आतला दाब वाढलेला असतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर जात राहते. बोटं मोजून झाली की गिऱ्हाइकाच्या नंबराच्या कार्डावर, कोपऱ्यात लाल खूण. खूण नसेल तर तो काच घासायला घेत नसे.

दोन वर्षांपूर्वी ती बातमी आली. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून सुटलेली एक वस्तू आपल्या सूर्याजवळून जाणार होती. नुसत्या डोळ्यांना दिसणार नव्हती, त्यामुळे बोलायला सगळ्यांना मोकळं रान मिळालं. पेपरात 'पाहुणा' असं नाव पडलं. दादाच्या शेजारच्या न्हाव्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ते यान आहे. औषधांच्या दुकानदाराच्या मते ते यान होतं, पण बंद पडलेलं. निवृत्त हेडमास्तर म्हणाले की आपल्यावर नजर ठेवायला पाठवलंय. ऐकून मला हसूच फुटलं. आमच्यावर नजर ठेवून त्यांना काय मिळणार होतं? रोज सकाळी नळाला पाणी आलं की नाही, एवढंच!

दादाला चुकीचं बोलणं सहन होत नाही. तो ओल्या बाहीनिशी बाहेर आला आणि म्हणाला, "दगड आहे तो. बर्फाचा म्हणा, मातीचा म्हणा, पण दगड."

"मग थांबत का नाही?" न्हावी म्हणाला. "दार उघडं दिसलं तर कुत्रंसुद्धा आत डोकावतं!"

"थांबणार कसा? इतक्या वेगात आहे की सूर्यालाही धरता येत नाही. सूर्य त्याची वाट थोडी वाकवतो, एवढंच." दादाने एक गोल फ्रेम काउंटरवर ठेवली. "हे आपल्या घरचे धूमकेतू. लांब जातात, रुसतात, पण फिरून येतात." मग दुसऱ्या फ्रेमची काडी सरळ करून तिच्या शेजारून नेली. "आणि हा परका. एकदा आला, गेला. परत नाही."

"तुम्ही पाहिलाय?" हेडमास्तरांनी खिंडीत गाठलं.

"नाही."

"मग यान नाही कशावरून?"

"न मोजता 'आहे' म्हणू नये, सर. 'नाही' म्हणतानाही जपून म्हणावं. मी दगड म्हणतो, कारण आजवर जे जे मोजलं गेलं ते दगडासारखंच निघालंय. उद्या कुणी वेगळं मोजलं तर तुमच्या पाया पडेन."

त्या दिवसापासून दुकानात गर्दी जमू लागली. चष्म्याला माणसं कमी, पाहुण्याला जास्त. दादा रोज ताजी माहिती काढून आकाशाच्या वहीत लिहून ठेवायचा: आज वेग किती मोजला, शेपूट दिसली का. विसाव्या वर्षी चाकावर बसलेला माणूस साठीला आला होता, आणि पहिल्यांदा लोक त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेत होते. मी माझं दुकान लवकर बंद करून तिथे जाऊन बसायचे. माझा ऊर भरून यायचा. खोटं कशाला सांगू?

त्याच सुमाराला मला चष्मा नकोसा झाला होता. त्याच वर्षात एकदा नंबर बदलून झाला होता, तरी काहीतरी बिनसत होतं. सुईत दोरा एका झटक्यात ओवायचे, पण उजवीकडे ठेवलेली कात्री सापडायची नाही. चहाचा कप कोपराने सांडायचा. मी म्हटलं, दादाने काच तिरकी बसवली असणार.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने मला आत बसवलं. खुर्ची पुसली, कार्ड काढलं, स्टूल ओढलं. तेवढ्यात दारातून न्हावी ओरडला, "शास्त्रज्ञ, चॅनेलवाले आलेत! कॅमेरा घेऊन!" दादाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "छोटे, बस. आलोच."

अर्धा तास तो बाहेर होता. मला त्याचा आवाज ऐकू येत होता, गोल फ्रेम, सरळ काडी, सगळं. परत आला तेव्हा कपाळावर घाम होता आणि बाहेरून कुणीतरी म्हणत होतं, "सर, अजून एकदा घेऊ, पाच मिनिटांत या." त्याने गडबडीने तक्त्यावर नंबर काढला, लाल पेन उचललं आणि थबकला.

"बोटं मोजली ना गं मी तुझी?"

"मोजलीस की," मी म्हटलं.

का म्हटलं? बाहेर माणसं खोळंबली होती. आणि चष्मेवाल्याच्या बहिणीच्या डोळ्यांना काय धाड भरणार, असं मला वाटलं. आंघोळीला गेलाय, म्हणायचे ना, अगदी तशाच सरळ चेहऱ्याने म्हटलं. त्याने लाल खूण केली आणि बाहेर पळाला. संध्याकाळी चॅनेलवर त्याला दीड मिनिट दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या.

पाहुणा निघून गेला. लोक दुसऱ्या विषयाला लागले. चौदा महिन्यांनी एक सायकल उजवीकडून आली आणि मी तिच्यात शिरले. कोपर सोलवटलं. सायकलवाला म्हणाला, "बाई, घंटी वाजवली, समोरून आलो, दिसत नाही का?" तो समोरून आला नव्हता. पण मला त्या बाजूने काहीच आलेलं दिसलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

डॉक्टरकडे दादाच घेऊन गेला. काचबिंदू. उजव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ गेलेली, डाव्याची जायला लागलेली. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. दादाने एकच विचारलं, "वर्षभरापूर्वी बोटं मोजून कळलं असतं?"

"नीट मोजली असती तर कळलं असतं," डॉक्टर म्हणाले.

तिथून तो थेट दुकानात गेला. माझं कार्ड काढलं आणि कोपऱ्यातल्या लाल खुणेकडे बघत बसला. मी शेजारीच उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो असा बसला होता की माझी जीभच उचलली नाही. वहिनी म्हणाली, "दोन दिवस त्यांना काही बोलू नका." दोन दिवसांचे दोन महिने झाले, मग अर्धं वर्ष झालं. मी स्वतःला सांगत राहिले की आता सांगून काय उपयोग, माझी नजर थोडीच परत येणार आहे. नजर माझी गेली होती. पण दादाला स्वतःचाच हात खोटा वाटायला लागला होता, आणि ते एका वाक्यात थांबवणं माझ्या हातात होतं. मी नाही थांबवलं. भित्री मी.

त्याने आकाशाची वही कपाटात टाकली. गिऱ्हाइकांची बोटं मोजायचं सोडलं. दुसऱ्यांदा आलेल्या प्रत्येकाला सरळ डॉक्टरकडे पाठवू लागला.

मागच्या महिन्यात पुन्हा तशीच बातमी आली. नवा पाहुणा, दुसऱ्याच कुठल्या ताऱ्याचा. न्हावी हातातला कंगवा न ठेवताच धावत आला. "शास्त्रज्ञ, हे तरी यान असेल ना?"

दादा काच पुसत राहिला. "हातभर अंतरावरची दोन बोटं ज्याला मोजता आली नाहीत, त्याला कोट्यवधी मैलांवरचं विचारू नका."

न्हाव्याला तो विनोद वाटला. तो हसला. हेडमास्तरही हसले. मी कोपऱ्यात बसून ते ऐकलं आणि मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना, मी गेले. म्हटलं, "दादा, त्या दिवशी तू बोटं मोजलीच नव्हतीस. चॅनेलवाले आले आणि तू उठून गेलास. परत येऊन मला विचारलंस, मी 'मोजलीस' म्हटलं. खोटं बोलले. चूक माझी आहे. तुझ्या हाताची नाही."

त्याने चाक बंद केलं. ओली बाही पिळली. मग हसला, वडिलांनी माझा कान धरला होता तेव्हा हसला होता तसा.

"किती वर्षं झाली गं, छोटे? अजून आंघोळीलाच पाठवतेयस मला."

"अरे, खरं सांगतेय!"

"तेव्हाही असंच म्हणायचीस."

"आईची शपथ, दादा."

"तेव्हाही शपथच घ्यायचीस." त्याने ड्रॉवरमधून माझं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "खूण माझ्या हातची आहे. न मोजता मी खूण करत नाही. चाळीस वर्षांत केली नाही. मोजली, आणि चुकीची मोजली. आता माझ्यासाठी असं काही बोलत जाऊ नकोस. तुला बरं वाटत असेल, पण मला नाही वाटत."

मी रडले, चिडले, न्हाव्याला साक्षीला बोलावते म्हणाले. न्हाव्याला आठवतो फक्त कॅमेरा. दादाने मला पाणी दिलं. मी डोळे पुसले, तर तो स्टूल ओढून माझ्यासमोर बसला होता. कित्येक महिन्यांनी बसला होता.

"डावा डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ."

मी बघितलं. नाक दिसलं, त्याचा चष्मा दिसला, चष्म्यामागचे थकलेले डोळे दिसले.

"किती बोटं?"

"हातच दिसत नाही, दादा," मी म्हटलं.

हे मात्र त्याला लगेच खरं वाटलं.