झोपेतही चालणारे हात

पोलीस खात्यात खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मनातून न गेलेली घटना विचाराल तर ती एका साध्या पट्ट्याच्या चोरीची आहे. त्या प्रकरणातली काही माणसं आजही हयात आहेत, म्हणून नावं देत नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी वसईला फौजदार होतो. तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि रेल्वे लाइनच्या पूर्वेला भातशेतीच्या कडेने कारखान्यांच्या शेड नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या. त्यांतल्या एका शेडमध्ये पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनत. एका सकाळी तिथला मालक त्याच्या फोरमनला घेऊन पोलीस ठाण्यात आला.

"साहेब, मोठ्या प्रेसचा पट्टा पुन्हा गेला. ही तिसरी वेळ," मालक म्हणाला. "दिवाळीची ऑर्डर डोक्यावर आहे. मला कोणीतरी मुद्दाम बुडवतंय."

मोटर फिरली की हा पट्टा प्रेस फिरवतो. पट्टा नसेल तर प्रेस नुसती उभी. नवा पट्टा मुंबईहून येईपर्यंत काम बंद. मालक तावातावाने बोलत होता. फोरमन, पन्नाशीचा शांत माणूस, विचारलं तेवढंच सांगत होता.

गुन्हा दाखल करून मी शेडवर जाऊन पंचनामा केला. कुलूप तुटलेलं नव्हतं, खिडकीचे गज जागच्या जागी होते. म्हणजे चोर आतला. आमच्या हवालदारांनी सगळे भंगारवाले पालथे घातले, पण असा पट्टा कुणाकडे आलाच नव्हता. मला ते खटकलं. चोर माल विकत नाही, तेव्हा त्याला त्या वस्तूचे पैसे नको असतात. ती वस्तू जागेवर नसावी, एवढंच हवं असतं. पण कुणाला आणि कशासाठी, ते कळत नव्हतं.

मग खबर मिळाली. शेडच्या फाटकाजवळ चहाची टपरी होती. टपरीवाल्याने हवालदारांना सांगितलं, की प्रेसवरचा, जवळच्या सांडोर गावचा कामगार पट्टा गेला त्या रात्री सगळ्यांच्या मागून बाहेर पडला आणि त्याच्या खांद्यावर पोतं होतं. तेवढ्यावर आम्ही त्याला फाटकावरच गाठला आणि चौकशीसाठी ठाण्यात आणला. नवा पट्टा येऊन प्रेस पुन्हा सुरू झाली होती आणि तो नुकताच कामावरून सुटला होता.

तिशीचा, धिप्पाड, गळ्यात क्रूस. मी त्याला समोरच्या बाकावर बसवलं.

"पोत्यात काय होतं?"

"भुसा, साहेब. लाकडाचा. केळीच्या बुंध्याशी टाकायला."

"पट्टा कुठे आहे?"

"मला ठाऊक नाही."

"मग कोणी नेला?"

तो उत्तर द्यायला लागला आणि वाक्याच्या मध्येच त्याची मान छातीवर पडली. मला वाटलं, चक्कर आली. हवालदारांनी पुढे होऊन पाहिलं. तो झोपला होता.

आमचे हवालदार खाडीकाठच्या गावचे, जुने आणि अनुभवी. ते म्हणाले, "साहेब, हाच चोर. पकडलेला मानूस झोपतो. एकदा सापडला का त्याच्या जिवाचा घोर जातो. पानी मारून उठवू का?"

त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं, मीही ते पाहिलेलं होतं. पण मी त्यांना थांबवलं, कारण त्या माणसाचे हात हलत होते. डावा हात पुढे जाई, काहीतरी ठेवल्यासारखा होई आणि मागे येई. मग उजवा पाय फरशीवर दाबला जाई. मग उजवा हात काहीतरी उचलून बाजूला टाकी. पुन्हा डावा हात पुढे. पंचनाम्याच्या वेळी ती प्रेस मी चालताना पाहिली नव्हती, तरी हा काय करतोय ते कळायला वेळ लागला नाही. तो झोपेत पत्रा लावत होता, पायाने प्रेस पाडत होता आणि झाकण काढत होता.

इतक्यात त्याची बायको आली. शेडमधून कुणीतरी निरोप दिला होता. तांबड्या लुगड्यातली ती बाई दारातूनच ओरडली, "साहेब, माझ्या माणसाने काय केलं?"

मी तिला आरोप सांगितला. तिने बाकाकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "महिना झाला, दोन-दोन पाळ्या करतोय. घरी येतो तो जेवता जेवता झोपतो. रविवारी मिस्साला फादर बोलायला लागले की हा घोरतो, मला खाली मान घालावी लागते. चोरी करायला ह्याला जागं कोण करणार, साहेब?"

मी मालकाला आणि फोरमनला बोलावणं पाठवलं. दोघे आले. बाकावरच्या माणसाला पाहताच फोरमनचा चेहरा बदलला.

"ह्याला सोडा, साहेब," तो म्हणाला. "पट्टे मी काढले."

मालक त्याच्याकडे बघतच राहिला.

"तिन्ही पट्टे शेडमध्येच आहेत, माळ्यावर, जुन्या खोक्यांच्या मागे," फोरमन सांगू लागला. "शेठ, मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, माणसं प्रेसवर डुलक्या घेतात. तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर बघू. पट्टा नसला की प्रेस बंद, आणि प्रेस बंद की माणसं भिंतीला टेकून झोपतात. तेवढ्यासाठी केलं." त्याने बाकाकडे पाहिलं. "आधीच्या कारखान्यात माझ्या हाताखालच्या पोराची बोटं गेली. त्याला दुसऱ्या पाळीला थांब म्हणून मीच सांगितलं होतं."

मालकाचा संताप अनावर झाला. विश्वासाचा माणूस, आणि त्यानेच गळा कापला! ह्याला आत टाका, म्हणून तो माझ्या मागे लागला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याला दंडाला धरून बाकासमोर उभा केला आणि म्हटलं, "जरा ह्याच्याकडे बघा."

मालक बघू लागला. डावा हात पुढे, मागे, पाय खाली, उजवा हात. पुन्हा तेच. मग एकदा डावा हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. आणि पाय दाबला गेला.

"हात काढ!" मालक ओरडला.

झोपलेल्या माणसाने झटक्यात हात मागे ओढला. पण तो जागा झाला नाही. त्याची बायको तोंडावर पदर दाबून उभी होती. मालक खुर्चीत बसला. मग फोरमनला म्हणाला, "आज प्रेस नको लावू."

वस्तू आवाराबाहेर गेली नव्हती, नेणाऱ्याचा अप्रामाणिक हेतू नव्हता. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा क-समरी अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. कारखाना निरीक्षकांना मी वेगळं कळवलं. ते येऊन गेले, त्यांनी मालकाला चांगलं खडसावलं. पण खरा बदल त्याआधीच सुरू झाला होता. दुहेरी पाळी बंद झाली, गिरीज आणि आसपासच्या गावांतली नवी माणसं कामावर घेतली गेली. फोरमनने पायाचा खटका काढून दोन दांडे बसवले. दोन्ही हात दोन दांड्यांवर असल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही. ऑर्डर उशिरा गेली, गिऱ्हाईक बोललं, पण तुटलं नाही. माझी बदली होईपर्यंत त्या शेडमधून एकही जखमी माणूस दवाखान्यात गेला नाही. त्या फोरमनला मालकाने काढलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

सांडोरचा तो कामगार त्या दिवशी ठाण्यातच संध्याकाळपर्यंत झोपला. हवालदारांनी त्याच्या डोक्याखाली स्वतःची घोंगडी दिली. उठल्यावर तो घाबरून म्हणाला, "साहेब, मी कबूल काय केलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "घरी जा."

पोलिसाला घडलेल्या गोष्टीचा तपास शिकवतात. जे अजून घडलेलं नाही, त्याची फिर्याद द्यायला कोणी येत नाही. ते समोरच्या माणसाकडे नीट बघूनच ओळखावं लागतं. आणि दमलेल्या माणसाला विचारून उपयोग नसतो, तो "ठीक आहे" असंच म्हणतो. हे मला त्या बाकापाशी कळलं.

पुढे दुसऱ्या जिल्ह्यात असताना जत्रेचा मोठा बंदोबस्त उरकून आम्ही परत निघालो होतो. जीपच्या ड्रायव्हरला मी विचारलं, "झोप झाली का?"

"झाली, साहेब," तो म्हणाला, आणि किल्ली लावताना त्याला भोक सापडेना.

मी किल्ली काढून घेतली, त्याला मागच्या सीटवर आडवं व्हायला लावलं आणि वडाखाली सतरंजी टाकून बसलो. मुख्यालयात पोचायला उशीर झाला. वरिष्ठांनी सगळ्यांदेखत कारण विचारलं. मी सांगितलं, "ड्रायव्हर झोपला होता, सर. जीप उभी होती."

ते म्हणाले, "बरं केलंत."