नजरेचं माप

आमचे बाबा शिंपी. गळ्यातली टेप नुसती शोभेला. गिऱ्हाइकाला ती लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. माप नजरेनंच घ्यायचं. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी दारू सोडली आणि सांगून सांगून सगळ्या गल्लीला वीट आणला. "चहाला चव लागते, हात थरथरत नाही, सुई पहिल्या फटक्यात ओवतो!" खोटं नव्हतं म्हणा. म्हातारा सकाळी मशीनवर शीळ घालायचा.

वर्ष पुरं झाल्यावर त्यांनी गुपचूप आईसाठी कोट शिवला. लग्नानंतरचा पहिलाच. शिलाईला नाव ठेवायला जागा नव्हती. आईनं घातला, तर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबायला लागला. छातीशी डावीकडे तर नुसती पोकळी.

"एवढी कधी गं वाळलीस?" बाबा हसले.

आईनं सावकाश बटणं सोडली. "नऊ वर्षांपूर्वी, कॅन्सरच्या ऑपरेशनला. डावा स्तन काढला तेव्हा. फॉर्मवर सही तुमचीच आहे."

बाबांनी घाईघाईनं गळ्यातली टेप काढली.

"राहू द्या," आई म्हणाली, "आता मापाची सवय नाही मला."

आणि कोटाची नीट घडी घालून तिनं तो शेजारणीला देऊन टाकला. तिला तो अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.